रिकामी गाडी, भरलेली गाडी

मोटारगाडीच्या पोटात काय असते हा विषय माझ्या शिक्षणाच्या कक्षेत कधी आला नाही आणि नोकरीच्याही आला नाही. कलाशाखेची एम्. ए. ची पदवी आणि त्यापाठोपाठ सरकारी नोकरी असा माझा सरळ प्रवास आहे. गाडी बिघडली की खाली उतरून बाजूला उभे राहावयाचे आणि ड्रायव्हर सांगेल त्यावर मान डोलवावयाची, एवढाच माझा यंत्रशास्त्राशी संबंध. तेव्हा आज मी गाडीच्या स्प्रिंगांवर बोलणार आहे हे ऐकून माझ्या ओळखीच्या श्रोत्यांना हसू आले, तर मी त्यांना दोष देणार नाही. परंतु गेल्या मे महिन्यात घरी गेलो असता एक प्रश्न माझ्यापुढे असा आला, की त्याचा निकाल मलाच द्यावा लागला. तो देताना जे हाती लागले, ते अनेकांच्या उपयोगाचे आहे असे वाटल्यावरून हे बोलण्याचे धाडस करीत आहे.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात. घराभोवती हापूसची कलमे आहेत. मी नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर. बाग सांभाळतात ते माझे थोरले बंधू, आणि आता त्यांचा मुलगा. हा माझा पुतण्या पुण्यातील नोकरी सोडून बागेत परत आला. दलालाच्या हाती माल देण्यापेक्षा आपणच तो गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचवावा या विचाराने त्याने दोन वर्षांपूर्वी एक पिकअप गाडी घेतली. पुढे चार-पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. हंगामात दिवसभर आंबा काढावयाचा, संध्याकाळी क्रेट भरावयाचे आणि रात्री आंबा घाट चढून पहाटे कोल्हापूर गाठावयाचे, असा त्याचा क्रम. येताना गाडी रिकामी.

या गाडीविषयी त्याच्या मनात एक शल्य होते. गाडी अंगणात उभी असली म्हणजे तिचे तोंड खाली आणि मागची बाजू वर दिसे. "काका, गाडी सारखी वाकून नमस्कार करीत असल्यासारखी दिसते," असे तो म्हणे. कोल्हापुरातील एका कारागिराने त्याला सांगितले, की पुढच्या बाजूला लेव्हलिंग किट बसवा, एका दुपारचे काम आहे, गाडी सरळ होईल आणि रुबाबदार दिसेल. राजभाषेच्या सवयीने मी लगेच त्याला 'समपातळी-संच' असा प्रतिशब्द दिला, तेव्हा पुतण्या मोठ्याने हसला. खर्च काही हजारांचा होता आणि घरातील मोठ्यांची संमती हवी होती. दादा म्हणाले, "तो आला आहे, त्याला विचार. कागदावर सही करण्याची सवय त्यालाच आहे."

हा संच म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ही रूढी मूळची अमेरिकेतील. तिकडे पिकअप ही शेतकऱ्याची गाडी राहिलेली नाही. शहरातील माणूसही ती हौसेने बाळगतो आणि पुष्कळदा तिच्या हौद्यात पिशवीभर बाजारापलीकडे काही पडत नाही. अशा गाडीचे झुकलेले तोंड त्याला खटकते, किंवा पुढे मोठे टायर बसवावयाचे असतात. मग पुढची बाजू साधारण एक ते अडीच इंच उचलतात. पुढच्या स्प्रिंगेच्या आणि शॉकॲब्सॉर्बरच्या जोडणीवर, ती जेथे चासीला मिळते तेथे, धातूची किंवा कठीण प्लास्टिकची जाड चकती घालतात. चाकाचा दांडा तरफेसारखा काम करीत असल्यामुळे एक इंच जाडीच्या चकतीने गाडी सुमारे दोन इंच उचलली जाते. ज्या गाड्यांना पुढे स्प्रिंगेऐवजी पीळ घेणारी सळई असते, तेथे तिचा पीळ वाढवून हेच साधतात. मागच्या बाजूला हात लावीत नाहीत. गाडी सपाट दिसू लागते.

आता प्रश्न असा, की गाडी बनविणाऱ्याला हे आधीच का सुचले नाही? चार चाकांवर गाडी समपातळीत उभी करणे काही अवघड नव्हे. याचे उत्तर मला एखाद्या ग्रंथात शोधावे लागले नाही. ते बैलगाडीच्या आठवणीत सापडले. लहानपणी आमच्याकडे गाडी भरताना गाडीवान आधी मागचा माल पाही. ओझे मागे जास्त झाले म्हणजे गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि चढणीवर तर बैलांची त्रेधा उडते. म्हणून भरल्यानंतर गाडी कशी राहील याचा विचार करून तो रिकामी गाडी जुंपीत असे. पिकअपचे तसेच आहे. तिचा माल मागच्या चाकांवर येतो, आणि त्या ओझ्याने मागचे पाटे दबतात. जेवढे ते दबणार, तेवढी उंची कारखान्याने मागे आधीच देऊन ठेवलेली असते. रिकाम्या गाडीचा कल हा भरलेल्या गाडीसाठी राखून ठेवलेला असतो.

हे मी पुतण्याला सांगितले. त्याला ते पटले नाही असे नाही. पण तरुण माणसाला चुलत्याच्या बैलगाडीपेक्षा मोजमाप अधिक पटते, आणि ते योग्यच आहे. आमच्या कचेरीत कोणताही प्रस्ताव आला, की त्याला चार प्रश्न विचारण्याची पद्धत आहे. गरज कोणती? ती दुसऱ्या मार्गाने भागेल काय? याचा भार आणखी कोणावर पडेल? आणि निर्णय चुकला तर फिरविता येईल काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रस्तावाच्या बाजूचे होते. चकती काढून टाकता येते. उरलेल्या तिघांसाठी आम्ही एक मोजपट्टी घेतली.

गरजा त्याने दोन सांगितल्या. एक दिसण्याची, ती त्याने प्रामाणिकपणे पहिली सांगितली याचे मला कौतुक वाटले. दुसरी अधिक वजनदार होती. बागेतून रस्त्यावर येताना एक पऱ्ह्या ओलांडावा लागतो. पावसाने तेथे खोल चर पडली आहे, आणि त्या चरीत गाडी उतरली की पुढच्या बंपरची खालची कड घासते.

अंगणातील सपाट जागेवर गाडी उभी करून आम्ही जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली. पुढे ८८ सेंटिमीटर, मागे ९४. सहा सेंटिमीटरांचा फरक. म्हणजे पुतण्याच्या डोळ्यांनी त्याला फसविले नव्हते. संध्याकाळी क्रेट भरले. सुमारे २० किलोंचा एक असे ३५ क्रेट, म्हणजे ७०० किलो, गाडीच्या कागदपत्रांत लिहिलेल्या मर्यादेच्या आत. पुन्हा पट्टी लावली. पुढे साडेसत्त्याऐंशी, मागेही साडेसत्त्याऐंशी. पुतण्या थोडा वेळ पट्टीकडे पाहत राहिला. त्याला हवी असलेली सपाट गाडी त्याच्यासमोर उभी होती, आणि ती रोज रात्री घाटातून तशीच जात होती. तो आत बसलेला असल्यामुळे त्याने ती कधी पाहिली नव्हती. पुढे दोन इंच चढविले असते, तर हीच गाडी आता पाच सेंटिमीटरांनी तोंड वर करून उभी राहिली असती. आमच्या गाडीवानाने तिला उलाळ म्हटले असते.

येथे हा प्रश्न संपला असे मला वाटले. पण दादा ओटीवर बसून सारे पाहत होते. ते म्हणाले, "दिवे कुठे पडतात तेही पाहा."

ही गोष्ट करावयास सोपी आहे, आणि ज्यांच्याकडे माल वाहणारी गाडी आहे त्यांनी ती अवश्य करावी. आमच्या घराच्या चिऱ्याच्या भिंतीपासून १० मीटर अंतरावर गाडी उभी केली. खालचा प्रकाश, ज्याला आपण डिपर म्हणतो, तो लावला. रिकाम्या गाडीचा प्रकाश भिंतीवर जेथे कापल्यासारखा संपत होता, तेथे आदल्या रात्रीच खडूने रेघ मारून ठेवली होती. आता भरलेल्या गाडीचा प्रकाश त्या रेघेच्या वर जवळजवळ एक वीत गेला होता. गणित साधे आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे तीन मीटरांचे अंतर. मागची बाजू साडेसहा सेंटिमीटर दबली, की दिव्यांचा रोख तेवढ्या प्रमाणात वर होतो. १० मीटरांवर एक वीत, तर ५० मीटरांवर पाच विती, म्हणजे एक मीटरहून अधिक. हे दिवे मुळात शंभराला एक ते दीड एवढ्या उताराने खाली झुकविलेले असतात, ते समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून. तो सारा उतार ओझ्याने पुसला गेला होता, आणि वर थोडा चढही झाला होता.

कारखान्याने याचीही तजवीज केलेली असते. स्टिअरिंगजवळ एक लहान चकती असते. तिच्यावर शून्यापासून तीनपर्यंत आकडे असतात. ओझे वाढेल तशी ती फिरवून दिवे खाली आणावयाचे. आमच्या गाडीतील ती चकती शून्यावर होती. "ही कधी फिरवतोस?" असे मी विचारले. पुतण्या गप्प राहिला. दोन हंगाम तो रात्रीचा घाट चढला होता, आणि ती चकती त्याने एकदाही फिरविली नव्हती. समोरून येणारे लोक वरचेवर दिव्यांची उघडझाप करतात, ते घाटातील रीतीप्रमाणे नमस्कार करीत असावेत, अशी त्याची समजूत होती.

दादा ओटीवरून उठून आले. ते चालताना उजवा पाय किंचित ओढतात. सहा वर्षांपूर्वी ते मोटारसायकलवरून रात्री घरी येत असता एका वळणावर समोरून आलेल्या भरलेल्या गाडीच्या उजेडाने त्यांना क्षणभर काही दिसेनासे झाले. ते रस्ता सोडून गटारात गेले आणि मांडीचे हाड मोडले. ती गाडी थांबली नाही. तिच्या चालकाला काही घडले हे कळलेही नसेल. दादांनी भिंतीवरील उजेडाच्या कडेवर हात ठेवला आणि मुलाला एवढेच सांगितले, "मला त्या रात्री असाच उजेड दिसला होता." पुतण्याने चकती तीनवर नेली. प्रकाश खाली सरकत आला आणि खडूच्या रेघेजवळ येऊन थांबला. त्यावर कोणी काही बोलले नाही. त्या रात्री क्रेट घेऊन तो निघाला तेव्हा दादा फाटकापर्यंत गेले आणि गाडी वळणाआड होईपर्यंत तिच्या दिव्यांकडे पाहत राहिले.

म्हणजे किट बसविण्याचा विचार करता करता, किट न बसविताही आमच्या हातून काय होत होते, ते आम्हाला कळले. आता हे किट त्यात काय भर घालते ते पाहू. पुढची बाजू पाच सेंटिमीटर उचलली, की दिव्यांचा रोख आणखी साठास एक या प्रमाणात वर होतो. आमच्या भिंतीवर आणखी पाऊण वीत. अशा वेळी रिकाम्या गाडीतच दिवे पुन्हा खाली बसवून घ्यावे लागतात. ते न केल्यास ती चकती तीनवर नेऊनही पुरी पडत नाही. हे काम अवघड नाही, पण किट बसविणारा ते आपणहून करील असे धरून चालू नये.

उरलेले परिणाम चाकांपाशी आहेत. गाडी उचलली की चाकांचे कोन बदलतात. म्हणून त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्यावे लागते, नाहीतर टायर एका कडेने झिजतात आणि गाडी रस्त्यावर सरळ धरत नाही. चाकाला खाली जावयास जी मोकळीक असते, ती कमी होऊ शकते. खड्ड्यात चाक खाली लोंबले, की बॉल जॉइंट आपल्या मर्यादेजवळ जातो. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी असेल, तर पुढच्या आसाचे सांधे अधिक तिरके चालतात आणि लवकर झिजतात. थोड्या उंचीला हे सारे सोसते. हाव वाढली, की सोसत नाही.

आणि ज्या चरीसाठी हा खटाटोप, तेथे काय होणार? बंपर घासणे थांबले असते, हे खरे. पण अशा गाडीच्या पोटाखालचा सर्वांत खालचा भाग पुष्कळदा मागच्या आसावरील गोळा असतो. किट त्याला केसभरही उचलीत नाही. तोंड सुटले म्हणून धीटपणे चरीत घातलेली गाडी मागे अडली असती.

कायद्याचाही विचार करणे मला भाग होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. अधिनियमात या चकतीचे नाव घेतलेले नाही. म्हणून माझा सल्ला असा, की कारागिराच्या तोंडी आश्वासनावर न जाता परिवहन कार्यालयास आणि विमा कंपनीस लेखी विचारावे. अपघातानंतर विमा कंपनीला उत्तर देण्यापेक्षा आधी तिला प्रश्न विचारणे स्वस्त पडते. अमेरिकेतही सारे मोकळे आहे असे नाही. तेथे काही तरुणांनी गाडीचे तोंड आकाशाकडे आणि मागची बाजू जमिनीकडे करण्याची टूम काढली, तेव्हा उत्तर कॅरोलिना राज्याने १ डिसेंबर २०२१ पासून, पुढच्या मडगार्डची उंची मागच्यापेक्षा चार इंच वा अधिक होईल असा फेरफार निषिद्ध केला.

एवढे ऐकून श्रोत्यांचा असा ग्रह होईल, की हे किट म्हणजे निव्वळ मूर्खपणा. तसे मी म्हणणार नाही. ज्याच्या गाडीच्या पुढच्या अंगावर कायमचे वजन आले आहे, जो हौद्यात क्वचितच काही घालतो आणि ज्याची वाट खरोखर खडकाळ आहे, त्याने परवानगी मिळत असल्यास थोडी उंची घ्यावी. मात्र अलाइनमेंट आणि दिवे त्याच दिवशी नीट करून घ्यावेत. आणखी एक सावधगिरी. जुन्या गाडीचे तोंड पूर्वीपेक्षा अधिक झुकले असेल, तर तो कारखान्याचा कल नव्हे. स्प्रिंगा थकलेल्या आहेत. तेथे चकती घालणे म्हणजे थकलेल्या माणसाच्या टाचेखाली लाकूड देणे. स्प्रिंगाच बदलाव्यात. काही जण उलट बाजूने जाऊन मागचे पाटे वाढवितात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की अनेक मालवाहू गाड्यांत मागचा ब्रेक किती लागावा हे आस आणि चासी यांतील अंतर पाहून ठरते. मागची बाजू उंच केली, की भरलेली गाडीही त्या यंत्रणेला रिकामी वाटते, आणि मागचा ब्रेक कमी लागतो.

आमचा निर्णय असा झाला. किट बसवावयाचे नाही. जो खर्च व्हावयाचा होता त्याच्या थोड्या भागात पऱ्ह्यातील चर चिऱ्यांनी आणि खडीने भरून घेतली. दोन गड्यांचे दोन दिवस गेले. क्रेट हौद्याच्या मागच्या फाळक्याकडे न रचता केबिनीच्या बाजूने रचण्यास सुरुवात केली. आणि भिंतीवरील खडूची रेघ पुसली जाऊ नये म्हणून पुतण्याने ती तांबड्या रंगाने पक्की केली. आता हंगामात गाडी निघण्यापूर्वी तिचे तोंड त्या भिंतीकडे करून दिवे लावले जातात आणि ते रेघेवर आणून मगच गाडी फाटकाबाहेर पडते. घाटात समोरून येणाऱ्यांचे नमस्कार बंद झाले, असे त्याने मला फोनवर सांगितले.

आपली गाडी बदलावी की नाही हा प्रश्न तुमच्यापैकी कोणापुढे असेल, तर माझे सांगणे थोडके आहे. ती अंगणात उभी असताना निर्णय घेऊ नका. ज्या कामासाठी घेतली त्या कामाला तिला जुंपा, भरा, आणि मग मोजा. पुढे मोजा, मागे मोजा, आणि एकदा अंधारात तिच्यासमोर पन्नास पावलांवर जाऊन उभे राहा. कारण रस्त्यावर तुमच्या गाडीचा रुबाब पाहणारा माणूस तेथे असतो, आणि त्याला रुबाबापेक्षा रस्ता दिसणे अधिक अगत्याचे असते.

पुतण्याची गाडी पहाटे रिकामी होऊन परत येते, तेव्हा अजूनही तोंड खाली करूनच अंगणात शिरते. त्याबद्दल आता त्याची तक्रार नाही. माल पोहोचला आणि गाडी सुखरूप घरी आली, एवढाच तिच्या त्या नमस्काराचा अर्थ दादा घेतात.